पायऱ्यांसकट घर

बीडमध्ये आम्ही घर घेतले तेव्हा मी ते घर म्हणून पाहिलेच नव्हते. मी पाहिल्या त्या मागच्या अंगणातून बिंदुसरेत उतरणाऱ्या नऊ पायऱ्या. घर त्या पायऱ्यांच्या वरच्या बाजूला होते, एवढेच.

माझे माहेर धारूरचे. तिथे पाणी डोंगर चढून, बायकांच्या डोक्यावर बसून घरी येते आणि घरात शिरताच माठात कोंडले जाते. वडिलांनी मला लहानपणी वृत्ते शिकवली. त्या श्लोकांत नद्या पुष्कळ होत्या. नदी वाहते हे मी मात्रा मोजून शिकले, डोळ्यांनी पाहून नव्हे. लग्न होऊन बीडला आले ती तांबट आळीत. भाड्याच्या दोन खोल्या होत्या आणि सकाळपासून दिवे लागेपर्यंत शेजारी हंड्यांवर हातोड्या पडत. त्या आवाजात काही रचायला बसले की कोणतीही ओळ त्याच एका ठेक्यात पडे. बारा वर्षांत मी दुसऱ्या कोणत्याही वृत्तात एक चरण लिहिला नाही.

यजमान तहसिलीत कारकून होते. कचेरीत उर्दू, घरी मोडी आणि झोपेत दोन्ही, असा त्यांचा कारभार. एक दिवस त्यांनी बातमी आणली की नदीकाठच्या मोहल्ल्यातला एक अडत्या आपली पेढी सिरसाळ्याला नेतो आहे आणि घर विकणार आहे.

नदीकाठी घर घेऊ नये, असे आम्हाला सर्वांनी सांगितले. कुणी पुराचे कारण दिले, कुणी डासांचे, कुणी सापांचे. एका वृद्ध आप्तांनी सांगितले की पाण्याजवळ राहिल्याने माणसाची बुद्धी पातळ होते. मी सर्वांचे ऐकून घेतले आणि घर पाहायला गेले.

मोहल्ल्याच्या वरच्या अंगाला रंगाऱ्यांची घरे होती आणि खालच्या अंगाला धोब्यांची. त्यामुळे नदी आमच्या पायऱ्यांशी येई ती कधी निळसर, कधी मंजिष्ठेच्या लाल रंगाची आणि धोब्यांकडे जाई तेव्हा ते रंगाऱ्यांच्या नावाने ओरडत. पाण्यावरून आवाज सावकाश येत. पलीकडच्या काठावर कपडा दगडावर आपटलेला दिसे आणि तो पुन्हा उचलला गेल्यावर मग त्याचा आवाज ऐकू येई. ओल्या दगडाचा वास, शेवाळाचा वास, उन्हात वाळणाऱ्या नव्या रंगाचा आंबूस वास. मी सर्वांत खालच्या पायरीवर उभी राहिले. पाणी घोट्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले, जणू परवानगी विचारीत होते. अडत्या वरून सांगत होता की माळवद मागच्याच वर्षी नव्याने घातले आहे. मी ते पाहिले नाही.

एक गोष्ट मात्र पाहिली. अंगणाच्या पूर्वेच्या भिंतीत एक ठेंगणे दार होते आणि ते शेजारच्या घरात उघडत होते. मी तिथे उभी असतानाच त्यातून एक कोंबडी आली, अंगण ओलांडून गेली आणि पुन्हा आली. या पायऱ्यांवर एकटीने बसायचे हे मी तोवर मनाशी ठरवून टाकले होते. मी यजमानांना म्हटले, "ते दार बुजवून द्यायला सांगा."

ही अट माझी होती. पुढे ती यजमानांच्या नावावर गेली, कारण त्यांनी तिला कायदेशीर कारणे जोडली. वाट राहिली की वहिवाट होते आणि वहिवाट झाली की हक्क होतो, असे त्यांनी अडत्याला समजावले. अडत्या म्हणाला, "बुजवतो की. पण नाझरसाहेबांचं तेवढं बघा."

नाझरसाहेब म्हणजे शेजारी. अदालतीत नाझर म्हणून तीस वर्षे काढून ते घरी बसले होते. रोज दुपारी ओट्यावर पांढऱ्या अंगरख्यात बसत, पान खात आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाकडे असे पाहत की त्याला आपल्यावर एखादे समन्स निघाले आहे असे वाटावे. निजामाच्या राज्यात शेजाऱ्याला एक हक्क होता, त्याला शुफा म्हणत. लगतचे घर विकले गेल्याचे कानावर पडले की शेजाऱ्याने जागच्या जागी, साक्षीदारांसमोर, हे घर मी मागतो असे म्हणायचे. म्हटले, की ठरलेल्या किमतीत घर त्याचे. पण म्हणायचे ते तत्काळ. ऐकून गप्प बसला, विचार करतो म्हणाला, नुसता पाणी प्यायला उठला, तरी हक्क बुडाला.

यजमानांनी या कलमाचा चार दिवस अभ्यास केला. पाचव्या दिवशी ते प्रसन्न चेहऱ्याने घरी आले.

"नाझरसाहेब तोंडात पान असताना बोलत नाहीत," ते म्हणाले. "आणि चारचौघांत थुंकत नाहीत. सगळ्या बीडला ठाऊक आहे."

"मग?"

"मग तू विडे कर. मोठे कर."

मी विडे केले. पाने बनारसी नव्हती, पण कोवळी होती. गुलकंद मी जरा सढळ हाताने घातला, सुपारी जाड कातरली आणि प्रत्येक विडा असा बांधला की तो एका गालात मावू नये. त्या वेळी मला याचे काही वाटले नाही. घर मिळवण्यासाठी लोक याहून वाईट करतात, असे मी स्वतःला सांगितले.

शुक्रवारी दुपारी यजमान आळीतला एक तांबट आणि एक शिंपी असे दोन साक्षीदार घेऊन गेले. कुशल विचारले, डबा पुढे केला. नाझरसाहेबांनी विडा उचलला, आदाब केला, तोंडात घातला. यजमानांनी त्यांचे दोन्ही गाल भरेपर्यंत वाट पाहिली आणि मग स्पष्ट आवाजात सांगितले की शेजारचे घर आम्ही घेतले आहे. नाझरसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिले. चावत राहिले. शिंपी नंतर सांगत होता की त्यांच्या चेहऱ्यावर तृप्तीखेरीज काही दिसत नव्हते. विडा संपायला बराच वेळ लागला. संपल्यावर त्यांनी हात कपाळाला लावून सर्वांना निरोप दिला.

"हक्क गिळला त्यांनी," यजमान घरी येऊन म्हणाले. त्या दिवशी ते दोन भाकरी जास्त जेवले.

पुढच्या आठवड्यात बैनामा, म्हणजे खरेदीखत, लिहिला गेला, तहसिलीत रजिस्ट्री झाली. जाण्याआधी अडत्याने अटीप्रमाणे ते ठेंगणे दार दगडमातीने बुजवले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे सामान गाडीवर घालून आम्ही नव्या घराच्या दारात आलो. नाझरसाहेब ओट्यावर होते. तोंडात काही नव्हते.

"मुन्शीजी," ते म्हणाले, "घर घेतलं म्हणं?"

"घेतलं. काल रजिस्ट्री झाली."

ते ताडकन उठले. त्या वयाच्या माणसाला असे उठताना मी त्याआधी पाहिले नव्हते. रस्त्यावर आमचा गाडीवान होता आणि एक पखालवाला पाणी घालीत चालला होता. नाझरसाहेबांनी दोघांकडे बोट केले. "तुमी दोघं गवाह. हे घर आमी शुफ्यानं मागतो. मागतो. मागतो."

"अहो, पण तुमचा हक्क गेला!" यजमान म्हणाले. "त्या शुक्रवारी तुम्ही ऐकलंत आणि गप्प राहिलात. साक्षीदार आहेत माझ्याकडे."

"त्या शुक्रवारी घर विकलं होतं का?"

"सौदा पक्का झाला होता."

"सौदा झाला होता. विक्री झाली न्हवती. विक्री झाल्याबिगर हक्क उभा ऱ्हात न्हाई, आन् उभा न्हाई तो बुडंल कसा? त्या दिशी नुसतं पान होतं, मुन्शीजी." मग माझ्या दिशेने, पण माझ्याकडे न पाहता, ते म्हणाले, "लई चांगलं होतं. बाईंना सांगा."

तीस वर्षे शुफ्याचे दावे हाताखालून गेलेल्या माणसाला आपण कायदा शिकवायला गेलो होतो, हे यजमानांच्या ध्यानात येत होते. गाडीवानाने बैल आवरीत विचारले, "मंग सामान उतरवू का न्हाई?"

"उतरवा की," नाझरसाहेब म्हणाले. "आमच्याच घरात उतरवताय."

नाझरसाहेबांनी दावा लावला आणि किंमत अदालतीत भरायला त्यांना महिनाभराची मुदत मिळाली. भरली, की घर त्यांचे. न भरली, तर आमचे. तो महिना आम्ही त्या घरात असे राहिलो, जसे लोक धर्मशाळेत राहतात. मी चूल मांडली, पण पोतेरे हलक्या हाताने फिरवले. तुळस कुंडीतच ठेवली. पायऱ्यांवर रोज गेले, पण बसले नाही. ज्या दगडावर आपण पुढच्या महिन्यात असू की नाही हे ठाऊक नाही, त्याच्यावर बसून काही रचले तर ते कडवे कुणाच्या मालकीचे, असा एक विचित्र विचार मनात येई.

नाझरसाहेबांचे वागणे अत्यंत सौजन्याचे होते. ते रोज एकदा घराची विचारपूस करीत. आमची नव्हे, घराची. "मुन्शीजी, त्या दक्षिणेच्या भिंतीला खुंटी ठोकू नका. कच्ची हाय." यजमान उलट कळवीत की ओट्याच्या कोपऱ्याला टेकून बसू नये, तो भाग आमच्या हद्दीत आहे. दोघांनाही ते घर आपले वाटत असल्यामुळे त्याची निगा मात्र दुप्पट होई. माळवदावर उगवलेले गवत एका सकाळी दोघांनीही माणसे लावून काढायला सांगितले आणि दोन्ही माणसे वर जाऊन भांडली.

महिना अर्धा सरला तेव्हा एक दिवस सकाळी मी अंगण झाडीत होते. बुजवलेल्या दाराच्या पलीकडून दगड सरकल्याचा आवाज आला. खापरीएवढे एक भोक पडले आणि त्यातून मेंदीने रंगलेली दोन बोटे दिसली.

"बाई, हाय का घरात?"

"आहे," मी म्हटले.

"घर कुणाचं हाय सध्या?"

"ठरायचं आहे."

पलीकडे हसण्याचा आवाज झाला. त्या नाझरसाहेबांच्या बीबी होत्या. गोषातल्या असल्यामुळे त्या बाहेरच्या गल्लीत पाऊल टाकीत नसत, म्हणून मी त्यांना तोवर पाहिलेच नव्हते. आताही पाहत होते ती दोन बोटेच. ती बोटे बोलताना हलत आणि त्यांच्या हलण्यावरून मला त्यांचा चेहरा कळत होता.

"तुमी दार बुजवलं," त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, नोंद होती. "आमच्या आडाचं पाणी मचूळ हाय. पर त्याचं काई न्हाई, पिण्याचं पाणी पखालवाला घालतो. मी या दारानं तीस साल नदीवर गेले. अडत्याची बायको आन् मी. धुणं न्हाई, भांडी न्हाई. नुसतं पाण्यात पाय सोडून बसायचं. बाकी कुठं जायाला मिळतं आमाला?"

मी केरसुणी खाली ठेवली. मला काय हवे होते ते ही बाई मला माझ्याच शब्दांत सांगत होती, आणि ते मिळवण्यासाठी मी हिचेच दार बुजवले होते.

"नाझरसाहेबांनी हे आधी का नाही सांगितलं?"

"त्ये मागत न्हाईत. जनमभर लोकांचे अर्ज पाहिले त्यांनी. म्हणत्यात, अर्ज करणाऱ्याची पाठ वाकती. हक्क असंल तर घर घेतील, पण दार मागायचे न्हाईत."

"घराला पैसे कुठून आणणार?"

बोटे थांबली. "पालीची जमीन काढलीया विकाया. माझ्या मेहरची हाय, निकाहात मिळालेली. चिंचा हायत तिथं, आंबे हायत. मला म्हणाले, तुझं दार परत आणतो. मी म्हणलं, दाराला आमराई कावून? ऐकत न्हाईत. गिऱ्हाईक सोमवारी यायचंय."

"मग मी आजच दार उघडून देते. तुम्ही त्यांना सांगा."

"अगं बाई, नको! मेहेरबानी म्हणतील. मेहेरबानी त्यांना पचत न्हाई. उघडलं तर आपल्या हातानं पुन्हा बुजवतील." मग त्या म्हणाल्या, "त्यांना घेता येत न्हाई. द्यायला मात्र लई आवडतं."

दगड परत जागेवर बसला.

त्या दिवशी मी पायऱ्यांपाशी पुष्कळ वेळ उभी राहिले. नदी त्या दिवशी हळदी रंगाची होती. मला घर हवे होते ते या नऊ दगडांसाठी. आता घर मिळण्याची एकच वाट दिसत होती आणि ती या दगडांवरूनच जात होती. मी हिशेब अनेक प्रकारे मांडून पाहिला. प्रत्येक वेळी बाकी तीच उरली.

संध्याकाळी यजमान आल्यावर मी त्यांना बीबींचे बोलणे सांगितले आणि म्हटले, "एक अर्ज लिहायचा आहे."

ते सावरून बसले. अर्ज म्हटले की त्यांना बरे वाटे. "कुणाला?"

"नाझरसाहेबांना. पूर्वेचे दार, त्या दारापासून पायऱ्यांपर्यंतची वाट आणि नऊ पायऱ्या या मुळात त्यांच्या मालकीच्या आहेत. अडत्याने त्या चुकून आपल्या म्हणून आम्हाला विकल्या. चूक आमच्या ध्यानात आली आहे. तरी नाझरसाहेबांनी मेहेरबान होऊन आम्हाला त्या पायऱ्यांवरून नदीवर जाण्याची इजाजत द्यावी."

यजमानांनी विचारले, "पायऱ्या तुलाच हव्या होत्या ना?"

"हो."

"शिवाय हे खोटं आहे. मी कागदावर खोटं लिहीत नाही."

"तीस वर्षे ती बाई ज्या दाराने जाते त्या दाराशी तिचा संबंध नाही, असं आपण बैनाम्यात लिहिलं. ते खरं होतं का?"

त्यांनी दौत मागितली. लिहिताना ते एकदा थांबले आणि म्हणाले, "'अत्यंत नम्रतापूर्वक' लिहू, की नुसतं 'नम्रतापूर्वक'?"

"अत्यंत," मी म्हटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तो अर्ज दोन्ही हातांनी नाझरसाहेबांपुढे धरला. मी दाराच्या फटीतून पाहत होते. नाझरसाहेबांनी चष्मा लावला. कागद सरळ वाचला, उलटून मागची कोरी बाजू वाचली, मग पुन्हा सरळ वाचला. लेखणी मागवून त्यांनी दोन ठिकाणी आमचे उर्दू दुरुस्त केले. हे काय आहे ते त्यांना पहिल्याच ओळीत कळले असणार. नाझर होते ते. पण तो कागद अर्ज होता, त्यावर त्यांचे नाव योग्य त्या सर्व किताबांसह होते आणि त्यांच्यासमोर एक माणूस उभा होता.

"गौर करण्यात येईल," ते म्हणाले.

गौर म्हणजे विचार. तो त्यांनी शनिवारी केला. रविवारीही केला. सोमवारी सकाळी जमिनीचे गिऱ्हाईक पालीहून येणार होते. एकदा बयाणा हातात पडला, की नाझरसाहेब दिलेल्या शब्दावरून मागे फिरणार नाहीत हे मला कळत होते, आणि मग घर, आमराई, पायऱ्या, सगळेच जाणार होते, ज्याचे त्याच्याकडून. सोमवारी मी भाजी दोनदा फोडणीला घातली. यजमान कचेरीत गेले नाहीत, पण कपडे कचेरीचे घालून बसले.

उन्हे अंगणात आली तेव्हा कडी वाजली. नाझरसाहेब दोन साक्षीदारांसह उभे होते. ते अंगणात आले, पायऱ्यांच्या माथ्याशी गेले आणि कचेरीत निकाल वाचतात त्या आवाजात म्हणाले, "अर्ज मंजूर. मुन्शीजींना आन् त्यांच्या घरच्यांना आमच्या पायऱ्यांवरून जाण्यायेण्याची, बसण्याउठण्याची इजाजत हाय. पिढ्यान्‌पिढ्या. आमी शुफ्याचा दावा सोडला." मग साक्षीदारांकडे वळून, "लिहून घ्या. खालच्या तीन पायऱ्यांना शेवाळ हाय. कुणी घसरलं तर जबाबदारी मालकाची न्हाई."

"मान्य आहे," यजमान म्हणाले.

गिऱ्हाईक दुपारी आले, सरबत पिऊन परत गेले.

दार बुजवलेले दगड काढायला यजमान पुढे झाले तेव्हा नाझरसाहेबांनी त्यांना थांबवले. दार त्यांचे होते. अंगरख्याच्या बाह्या सारून त्यांनी एकेक दगड स्वतः काढला आणि आमच्या अंगणात, आमच्या हद्दीत, नीट रचून ठेवला. दगड तुमचे, असे म्हणाले. आम्ही ते ठेवून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागे गेले तेव्हा बीबी आधीच खालून तिसऱ्या पायरीवर बसलेल्या होत्या. माझ्या कल्पनेपेक्षा त्या लहानखुऱ्या होत्या आणि म्हाताऱ्या. पावलांनाही मेंदी होती आणि ती पाण्याखाली गडद दिसत होती. मी वरच्या पायरीवर उभी राहिले. पुढे जावे की नाही ते कळेना. हे घर आता कायमचे आमचे होते, त्याची माळवदे, त्याची कच्ची दक्षिण भिंत, सगळे. फक्त मी जिथे उभी होते ते आमचे नव्हते.

"उभ्या कावून?" त्या मागे न वळता म्हणाल्या. "इजाजत मिळालीया न्हवं?"

"मिळाली आहे."

"मग बसा की. सहा पायऱ्या मोकळ्या हायत."

मी पायऱ्या उतरून त्यांच्या शेजारी बसले आणि पाय पाण्यात सोडले. पाणी थंड होते. वरच्या अंगाला रंगाऱ्यांनी अजून काम सुरू केले नव्हते.